‘खबरबात’ कुणाकुणाला गेली?

किस्से साचतात ते माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत म्हणून. विश्वास असला की काम एका वाक्यात उरकतं, किस्सा व्हायला जागाच राहत नाही. आमच्या मंडळात विश्वास औषधालासुद्धा नव्हता. त्यामुळं माझ्याकडं इतके किस्से आहेत की शिरूरहून दौंडला निघालेली एसटी वाटेत दोनदा पंक्चर झाली तरी पुरून उरतील.

मंडळाचं नाव घोड-भीमा मित्रमंडळ. शिरूरची नदी घोड, दौंडची भीमा. दोन तालुक्यांतली जी पोरं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला नाहीतर आणखी लांब गेली, त्यांना गावाकडचं कळावं म्हणून मंडळ ‘खबरबात’ नावाचं एक पान काढायचं. आधी झेरॉक्स करून पोस्टानं जायचं. मग सगळ्यांकडं ईमेल आले आणि मंडळाला अचानक माझी आठवण झाली. मी तेव्हा इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून शिरूरच्या स्टँडजवळ सायबर कॅफे चालवत होतो. का सोडलं ते विचारू नका. ज्यांनी विचारलं त्यांना मी उत्तर दिलंय, आणि ते छापण्यासारखं नाही.

मंडळात बोलणारी माणसं मोजकीच, बाकीचे माना हलवायला. अध्यक्ष आणि संपादक आप्पा. रिटायर्ड हेडमास्तर. अख्ख्या तालुक्याचे कान पिळून झाले होते तरी बोटं शिवशिवायची. आश्रयदाते आबा. तळेगाव ढमढेरेच्या पुढं त्यांचं गाव, तिथं ऊस, सोसायटी, आणि इकडं माझ्या कॅफेचा गाळासुद्धा त्यांचाच. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या गावांना वाटेल आपण सुटलो. दौंडच्या बाजूनं मामा. रेल्वेत टीसी होते, रिटायर झाले तरी समोरच्या माणसाच्या खिशाकडंच बघून बोलायचे. आणि गौतम. आबांच्याच गावचा, बौद्धवस्तीतला, एमआयडीसीत ऑपरेटर, माझा मित्र, आणि मंडळात सरळ मराठी लिहिता येणारा एकमेव माणूस.

या गौतमची एक बातमी आप्पांच्या शर्टाच्या खिशात महिनाभर पडून होती. वस्तीच्या नळांना पाणी येत नाही. पाइपलाइन आबांच्या शेतातून जाते, व्हॉल्व्ह तिथंच आहे, आणि तो आबांचा माणूस बंद ठेवतो. बस, एवढीच बातमी. एक विशेषण नाही. आप्पा दर वेळी म्हणायचे, ‘‘पुढच्या अंकात बघू.’’ आणि गौतमची आई दर सकाळी हंडे घेऊन शाळेच्या हापशावर. पुढं जे सांगतोय त्यात खरा प्रश्न एवढाच होता: ही बातमी बाहेर जाणार की आप्पांच्या खिशात धुतली जाणार. बाकीचं सगळं निमित्त.

*

पहिला अंक मेलनं निघाला त्या दिवशी आप्पा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक पत्ता सांगायला लागले. मी टाइप करतोय. मध्येच त्यांनी माझा हात धरला.

‘‘थांब. आबांच्या वर हे तलाठी कसे आले?’’

‘‘आप्पा, क्रमाला काही अर्थ नसतो. सगळ्यांना एकदमच जातं.’’

‘‘तुझ्या लग्नाची पत्रिका निघेल ना, तेव्हा कळेल क्रमाला काय अर्थ असतो.’’

‘‘माझं लग्न कोण लावतंय?’’

‘‘तेही खरंच!’’

मग दुपारभर आम्ही पत्ते मानाप्रमाणे लावले. सोसायटीचे वर, मग पंचायत समितीचे, मग नुसते पैसेवाले, मग मास्तर लोक, शेवटी गौतम. लावून झाले आणि लोडशेडिंग झालं. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एकदाचा मेल गेला. तासाभरात हडपसरहून एका बागायतदाराचा फोन. हा माणूस गाव सोडून जमाना झाला, गावात घर नाही, मतदान नाही.

‘‘आमचं नाव शेवटून तिसरं? आमच्या वडलांनी मंडळाच्या पहिल्या सभेला हार घातला व्हता!’’

ते सगळे पत्ते सगळ्यांना दिसत होते ना! अंकात काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. वर कोण, खाली कोण, एवढंच वाचलं. मी बैठकीत म्हणालो, अ-आ-इ प्रमाणे लावू, भांडण नको.

आबा म्हणाले, ‘‘म्हंजी कुणीबी अंकुश-बिंकुश यिऊन माझ्या डोक्यावर बसणार?’’

‘‘आबा, ‘आ’ दुसराच हाय.’’

‘‘दुसरा?’’ आबा म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

*

मग मी उपाय काढला. पत्ते लपवून पाठवायचे. प्रत्येकाला मेल मिळतो, पण आणखी कुणाला गेलाय ते दिसत नाही. मला वाटलं, झाला प्रॉब्लेम सॉल्व्ह. मी आमच्या लोकांना ओळखत नव्हतो.

त्या अंकात आप्पांनी संपादकीय लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती, ‘काही सभासद बैठकीला केवळ चहापुरते येतात.’ हेडमास्तरी सवय. वर्गाकडं बघून मोघम झापायचं, ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

पण मेलवर पत्ता दिसतो फक्त स्वतःचा! प्रत्येकाला वाटलं, हा मेल आपल्या एकट्यालाच आलाय. आप्पांनी आपल्याला गुपचूप झापलंय, चारचौघांत शोभा नको म्हणून. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन खाली ठेवायला मिळेना.

‘‘आप्पा, मी त्या दिवशी उशिरा आलो ते मुलाला दवाखान्यात नेलं म्हणून.’’

‘‘आप्पा, बिस्किट मी उचललं, मान्य हाय, पण ते तुम्हीच पुढं केलं व्हतं.’’

मामांनी तर दौंडहून लेखी खुलासा पाठवला, की त्यांना शुगर असल्यामुळं ते चहा घेतच नाहीत, आणि ज्यानं त्यांचं नाव सांगितलं त्याचं नाव कळावं.

पुढच्या बैठकीला झाडून सगळे वेळेवर हजर. शंकर चहावाल्यानं किटली फिरवली. एकानंही कप उचलला नाही. आप्पांनी स्वतः दोनदा आग्रह केला. सगळे एकमेकांकडं बघतायत, पहिला कप कोण उचलतो ते! किटली जशीच्या तशी परत गेली.

*

चहाच्या प्रकारानंतर ठरलं की काहीतरी धड साधन पाहिजे. दोन पर्याय पुढं आले.

एक मी शोधलेला. न्यूजलेटर पाठवायची वेबसाइट. यादी एकदा भरायची, अंक लावायचा, बटन दाबायचं. प्रत्येकाला त्याच्या नावानिशी अंक जातो, ‘प्रिय अमुकराव’ करून.

दुसरा गौतमनं आणलेला. त्याच्या कंपनीतला सुपरवायझर फीड रीडर नावाचं सॉफ्टवेअर वापरायचा. आपण अंक आपल्या वेबसाइटवर टाकून मोकळं व्हायचं. ज्याला वाचायचंय त्यानं आपल्या रीडरमध्ये त्या वेबसाइटचा पत्ता एकदाच जोडून ठेवायचा. नवा अंक पडला की रीडर स्वतःहून जाऊन घेऊन येतो. यादी नाही, क्रम नाही, कुणाला विचारायला नको.

वाचनालयाच्या हॉलमध्ये बैठक भरली. मी अर्धा तास फळ्यावर बाण काढून समजावलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. शेवटी डोळे उघडून म्हणाले, ‘‘म्हंजी एक घरपोच पत्रिका, आन् दुसरा चावडीवरचा फळा.’’

मान्य करायला जिवावर येतं, पण याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

आप्पा लगेच पेटले. ‘‘अक्षता घेऊन दारात गेल्याशिवाय आपल्याकडे माणूस जेवायला येत नाही. फळ्यावर लिहून कुणी लग्न लावलंय का?’’

गौतम म्हणाला, ‘‘ज्यांच्या दारात तुमच्या अक्षता कधी आल्याच न्हाईत, त्यांनी फळाच वाचलाय आप्पा. तोबी लांबून.’’

मग मामांनी घसा साफ केला.

‘‘ते सगळं ठीक. पण फळ्यापुढं जे उभं ऱ्हातील, त्यांची तिकिटं कोण तपासणार?’’

ठरलं काय, तर आधी न्यूजलेटर, मग फीड, दोन्ही करून बघायचं. न्यूजलेटर आधी का? कारण त्या बाजूला वयस्कर जास्त होते. आपल्याकडं सगळे निर्णय असेच होतात, नंतर त्याला अनुभव म्हणतात.

*

न्यूजलेटरच्या वेबसाइटवर एक पान होतं, ज्यात कळायचं की अंक कुणी उघडला आणि कुणी नाही. मी ते आप्पांना दाखवलं आणि तिथंच चुकलो असं म्हणणार होतो, पण नाही. ते त्यांनी कधीतरी वासावरून शोधलंच असतं. रिटायर झाल्यापासून त्या माणसाला हजेरी घ्यायला मिळाली नव्हती!

रोज सकाळी कॅफेचं शटर वर करायच्या आधी आप्पा पायरीवर हजर. मग फोन लावायचे.

‘‘का रे, मंगळवारचा अंक अजून उघडला नाहीस? आजारी आहेस का?’’

पलीकडचा बिचारा बेंगलोरला एका कंपनीत मॅनेजर. त्याच्या हाताखाली माणसं. तो म्हणायचा, ‘‘उघडतो सर, आत्ता उघडतो.’’

पण एक अडचण झाली. न उघडणाऱ्यांत सगळ्यात वर नाव आबांचं! आबांचा ईमेल मीच काढून दिला होता आणि आबांनी तो आजतागायत एकदाही बघितला नव्हता. आश्रयदात्यानंच अंक उघडला नाही हे मंडळात कुणाला कळलं तर? आप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं.

‘‘तुझ्याकडे आबांचा पासवर्ड आहे ना? तू उघडत जा. त्यांच्या वतीनं.’’

‘‘आणि वाचू का?’’

‘‘वाचायची काय गरज आहे?’’

मग मी रोज सकाळी आबांच्या नावानं अंक उघडायला लागलो. कंटाळा आला की दोन-तीनदा. महिन्याच्या बैठकीत आप्पांनी तो रिपोर्ट छापून आणला आणि उभं राहून म्हणाले, ‘‘आबांकडून शिका! या वयात, एवढ्या कामातून, रोज वाचतात!’’

टाळ्या झाल्या. मी आबांकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, मी कुठं उघडला. आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘सवय पायजे.’’

*

मामांचा किस्सा दौंडमध्ये अजून वेगळा सांगतात, पण मी साक्षीदार आहे.

न्यूजलेटरच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची: अंक नको असेल तर इथं क्लिक करा. मामांनी क्लिक केलं. आणि मामांचं नाव यादीतून गेलं. त्यात कुणाचा काय दोष? पण पुढचा अंक आला नाही तसा मामांचा फोन.

‘‘शिरूरवाल्यांनी दौंडचा डबा कापला! मला ठावंच व्हतं.’’

‘‘मामा, तुम्ही स्वतः खालचं ते दाबलं.’’

‘‘दाबलं. मग?’’

‘‘का दाबलं?’’

‘‘चालतंय का ते बघाया. चेन वढून बघितल्याबिगर गाडीवर भरवसा कसा ठेवायचा?’’

तेवीस-चोवीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस! चेन ओढणाऱ्यांकडून दंड घेतलेला माणूस!

बरं, आता मी त्यांना परत यादीत घालू शकत नव्हतो. वेबसाइटचा नियम, एकदा स्वतःहून गेलेल्या माणसाला जबरदस्तीनं आणता येत नाही. त्याला एक मेल जातो, त्यातलं बटन त्यानंच दाबायचं. मेल पाठवला. मामा दाबेनात.

‘‘मागल्या बारीला दाबलं आन् काय झालं बघितलं न्हवं? आता पुन्यांदा दाबायचं?’’

दौंडच्या सभासदांनी बहिष्काराची भाषा सुरू केली. आप्पा म्हणाले हा शिरूरचा प्रश्न नाही, मामा म्हणाले हा शिरूरचाच प्रश्न आहे. शेवटी तोडगा निघाला. मामा एका सकाळी बसनं शिरूरला आले, बरोबर दौंडचे दोन साक्षीदार. माझ्या कॅफेत तिघं एका स्क्रीनसमोर उभे राहिले. एका साक्षीदारानं बटनावरचे शब्द मोठ्यानं वाचले, दुसऱ्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मामांनी क्लिक केलं.

‘आपले स्वागत आहे,’ असं स्क्रीनवर आलं.

मामा मागं सरले. ‘‘बगा बगा. इतकं गोड कोण बोलतं?’’

*

आता हा किस्सा हसण्याचा नाही, पण सगळे यालाच जास्त हसले.

त्या वेबसाइटवर यादीचे गट पाडता येतात हे आप्पांना कळलं. मी शिकवलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून पुसून स्वतः शोधलं. एके दिवशी मला म्हणाले, ‘‘इंजिनियर, जरा बाहेर चहा घेऊन ये,’’ आणि माझ्या खुर्चीत बसले. हा माणूस मला इंजिनियर म्हणायचा, चारचौघांत, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी गौतमचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. ‘‘आली! बातमी आली! जशीच्या तशी!’’ त्यानं कंपनीत प्रिंट काढली, घरी नेली, आईला वाचून दाखवली. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘कुणाकुणाला गेलंय हे?’’

गौतमनं पुण्यातल्या मित्राला फोन केला. त्याच्या अंकात बातमी नव्हती. त्या जागी आबांच्या जर्सी गाईला जुळ्या कालवडी झाल्याची बातमी होती, फोटोसकट. मुंबईच्या मित्राकडंही कालवडी. मग मी कॅफेत बसून बघितलं. आप्पांनी दोन गट केले होते. एक ‘सर्वसाधारण’. एक ‘वस्ती’. वस्तीच्या गटात पत्ते दोन: गौतम आणि त्याचा चुलतभाऊ. ज्यांच्या नळाला पाणी नाही, त्यांनाच फक्त कळवलं होतं की तुमच्या नळाला पाणी नाही!

गौतमनं आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘हे मला सांगाया कंप्युटर लागतो व्हय रं?’’ आणि हंडा घेऊन हापशावर गेली.

गौतम आप्पांच्या घरी गेला, मीही गेलो. आप्पा झोपाळ्यावर.

‘‘तुझी बातमी छापली की नाही?’’

‘‘छापली, आप्पा.’’

‘‘शब्द बदलला एखादा?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग झालं तर! लोकशाहीत याहून काय असतं?’’

मी तिथं जे बोललो त्यावरून आप्पांच्या घरात मला आजही पाणी विचारत नाहीत. मला तहानही लागत नाही तिथं.

*

ठरल्याप्रमाणे आता फीडची पाळी होती. आप्पा टाळत होते. गौतमनं बैठकीत ठरावाची आठवण केली, मामांनी ‘‘दोन्ही गाड्या तपासल्याच पायजेत’’ म्हणून पाठिंबा दिला, आणि आप्पांना माझ्या कॅफेत येऊन बसावं लागलं. मी ‘खबरबात’ची एक साधी वेबसाइट करून तिच्यावर जुना अंक टाकून ठेवला होता. आप्पांच्या नावानं एक रीडर उघडला, वेबसाइटचा पत्ता त्यात जोडला. जुना अंक टपकन समोर आला.

‘‘मी कुठं मागवला?’’

‘‘एकदा जोडलं की आपोआप येतो.’’

आप्पांनी स्क्रीनच्या मागं वाकून बघितलं. खरंच बघितलं. मग म्हणाले, ‘‘बरं. आता कुणी कुणी जोडलंय ते दाखव.’’

‘‘ते दिसत नाही.’’

‘‘दिसत नाही म्हणजे? यादी कुठं आहे?’’

‘‘यादी नाहीच आप्पा. कुणीही जोडू शकतं.’’

‘‘आपल्याला न विचारता?’’

‘‘न विचारता.’’

‘‘उद्या आपला एखादा विरोधकसुद्धा?’’

‘‘विरोधकसुद्धा.’’

‘‘आणि त्यानं वाचलं हे आपल्याला कळणारसुद्धा नाही?’’

‘‘नाही.’’

आप्पांनी चष्मा काढला. जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस. खरोखर न समजून, अगदी लहान पोरासारखं विचारलं, ‘‘मग लिहायचं कशाला?’’

*

आणि हा शेवटचा.

फीडच्या चाचणीसाठी एक अंक वेबसाइटवर टाकायचा होता. आप्पा म्हणाले, ‘‘निरुपद्रवी मजकूर टाका.’’ मी आणि गौतमनं त्याची नळाची बातमी टाकली. तीच. विशेषण नाही. वस्तीतल्या नळाला महिनोन् महिने पाणी नाही याहून निरुपद्रवी गोष्ट शिरूर तालुक्यात कुठली? कुणाची झोप उडाली होती त्यानं?

दुसऱ्या दिवशी आप्पा सवयीनं कॅफेत आले, आपला रीडर उघडला, आणि त्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी राहिला. ‘‘काढ! आधी काढ!’’

त्यांच्या डोळ्यांदेखत काढली. वेबसाइट पुन्हा उघडून दाखवली. बातमी गायब. आप्पांनी सुस्कारा सोडला, आपल्या रीडरकडं वळले, आणि बातमी तिथंच!

‘‘काढ म्हटलं ना!’’

‘‘काढलीय आप्पा. ही तुमच्याकडं आलेली प्रत आहे. एकदा रीडरनं उचलली की तिथं आपला हात पोचत नाही.’’

‘‘अशा प्रती किती जणांकडं आहेत?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘अंदाजे सांग.’’

‘‘तुम्ही एकटे असाल. नाहीतर दुबईपर्यंत सगळे असतील.’’

आप्पांनी तिथूनच आबांना फोन लावला. त्या वर्षी सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. बाहेरगावची पोरं मतदानाला येत नाहीत, पण त्यांचे बाप मतदान करतात, आणि पोरानं फोनवर काय सांगितलं त्यावर करतात. आबांना हे आप्पांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आबांचे पुढचे दिवस कसे गेले ते त्यांच्याच ड्रायव्हरनं मला सांगितलं. पुण्याहून पुतण्याचा फोन आला, ‘‘आबा, बरंय ना सगळं?’’ आबा म्हणाले, ‘‘का? तुला काय कळलं?’’ तळेगावच्या बाजारात कुणी नमस्कार केला की आबा थबकायचे, मग मागं वळून बघायचे. एका भाजीवालीनं हसून मेथीची जुडी पुढं केली, तर आबा मेथी न घेताच पुढं गेले आणि गाडीत बसून ड्रायव्हरला म्हणाले, ‘‘ती हसली का रं?’’

‘‘ती समद्यांनाच हसती आबा.’’

‘‘तसं न्हाई. मला बघून हसली.’’

मग एका दुपारी आबा स्वतः कॅफेत आले. गाळा भाड्यानं दिल्यापासून पहिल्यांदा. गौतम पहिली शिफ्ट करून आलेला, माझ्याशेजारी बसला होता. आबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. आत डोकावले. सगळे बूथ भरलेले. कुणी पोलीस भरतीचा फॉर्म भरतोय, कुणी पत्त्यांचा गेम खेळतोय, कुणी हेडफोन लावून कुणाशी तरी हसतोय. सगळ्यांची पाठ आमच्याकडं. आबांनी काउंटरवर वाकून आवाज खाली आणला.

‘‘ह्यातल्या किती जणांकडं हाय ते?’’

‘‘काय, आबा?’’

‘‘ती फीड का काय.’’

‘‘मला कळत न्हाई. कुणालाच कळत न्हाई.’’

‘‘खोटं बोलू नगंस. गाळा माझा हाय.’’

‘‘गाळा तुमचा हाय आबा. पाहिजे तर आत्ता रिकामा करतो. पण मला खरंच कळत न्हाई.’’

आबांनी त्या पाठी एकेक करून मोजल्या. मग माझ्याकडंच बघून, पण गौतमला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘व्हॉल्व्ह सकाळीच खोललाय. कायमचा. दांडाच काढून आणलाय त्याचा.’’

गौतमनं वस्तीतल्या किराणा दुकानात फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. तिचा आवाज आम्हा तिघांना ऐकू आला.

‘‘आलंय! गढूळ हाय, पर आलंय! आरं फोन ठिव, हंडं कमी पडाया लागल्यात!’’

गौतमनं फोन ठेवला. आबांनी बोटानं आत दाखवलं.

‘‘आता सांग त्यांना.’’

‘‘कुणाला?’’

‘‘ह्या समद्यांना. पाणी सोडलं म्हणून सांग.’’

मी स्टुलावर चढलो. ‘‘ऐका रे! आबांनी वस्तीचं पाणी सोडलंय!’’

बूथमधून एकेक मुंडी वर आली. पत्ते खेळणारा म्हणाला, ‘‘कुठली वस्ती?’’ फॉर्मवाला म्हणाला, ‘‘कोण आबा?’’ हेडफोनवाल्यानं एक कान मोकळा केला आणि विचारलं, ‘‘काय झालं?’’

आबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

‘‘बघ,’’ ते म्हणाले, ‘‘बघ कसं साळसूदावाणी इचारत्यात. एकूणएक जणानं वाचलंय!’’